दोराचे दोन हिसके

हासा तुमी, पण त्या जंगलात मी आता एकटी जात नाही.

आमच्या कटंगीकडच्या बायाइले रोपं मोजाचं काम शिकवलं हाय. रायमुनियाचं, म्हंजे घानेरीचं झुडूप काढलं त्या जागी साजा, बीजाची झाडं आपोआप किती उगवली, ते कागदावर लिवाचं. जागा मोजाच्या दोराच्या एका टोकाले मी, दुसऱ्या टोकाले माही जाऊ सुनंदा. झाडीत एकमेकीले दिसत नाही आन् वरडाले भेव वाटे, म्हनून ठरलं होतं, मोजनं झालं की दोराले दोन हिसके द्याचे.

दोन हिसके आले. मी बी दोन देल्ले. पुन्हा आले. तेवढ्यात माह्या मांगून सुनंदा आली, हातात पान्याची बाटली.

"काहून वं, तू इकडं? दोर कोनाजवळ देल्ला?"

"कोनाजवळ? तिकडंच टाकून आली जी, ताई."

दोर माह्या हातातच होता. पुन्हा दोन हिसके बसले, जरा जोरानं.

चपला तिथंच राह्यल्या. आमी घरी येऊनच थांबलो.

कागदावर शेवटचा सवाल होता, वन्यप्राणी दिसला काय? सुनंदानं 'नाही' लिवलं.

खरं तेच लिवलं तिनं. पलटून पाह्याची हिंमत होती कोनात?