चिंचोक्याचं पीठ आणि रंगाची टाकी

आमचं माहेर वांगणीकडचं, डोंगराला लागून पाडा, भात लावायचा आनि चिंचा झोडपायच्या, चिंचोके भाजून खाऊन दात झिजले आमचे, धनगर तर घोंगड्यांना चिंचोक्याची खळ द्यायचे, म्हनजे चिंचोका काय असतो हे मला कोनी सांगायला नको. लग्न होऊन उल्हासनगरला आले, कॅम्प पाचला. नवरा लवकर गेला, दोन पोरी पदरात, मग अंबरनाथला रंगाच्या कंपनीत झाडूकामाला लागले. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल.

काय सांगू तुमाला, कंपनीच्या मागं टाकी, तिच्यात धुलाईचं पानी, लालभडक, आतल्या लोखंडी शिडीची दुसरी पायरी दिसायची नाही. तसंच सोडायचे बाहेर. मग सरकारी साहेब आला, म्हनाला आठ दिवसांत पानी साफ करा नायतर टाळं लावतो. टाळं लागलं तर पोरींना घेऊन जायचं कुठं?

लॅबमधे एक मॅडम होत्या, बारीकशा, चष्मेवाल्या. त्यांनी चिंचोक्याच्या पिठावर काय काय केमिकलची प्रक्रिया केली, म्हनाल्या हे रंगाला धरून खाली बसवेल. मी हसले, म्हटलं गरिबाची चेष्टा करता काय. काचेच्या भांड्यात जमलं बरं का त्यांना. पन टाकीत पोतंच उपडं केलं आनि झाले गोळे, चिकट, वर तरंगायला लागले. मॅडम रडायच्या बाकी होत्या. मला असा राग आला, म्हटलं अहो मॅडम, पिठल्याला बेसन असं ओततात होय?

मग पिंपात पानी घेतलं, मी चिमटीचिमटीनं पीठ भुरभुरलं, त्या ढवळत राहिल्या, पातळ खळ झाली, ती टाकीत सोडली. आधी जोरात ढवळलं, मग त्या म्हनाल्या आता हळू, अगदी हळू. आनि अगं बाई, दूध नासावं तसे लाल पुंजके धरले की हो, जड होऊन खाली बसायला लागले! मी शिडीच्या पायऱ्या मोजल्या, तीन, चार, पाच, सहा. अंगावर काटा आला, हातच जोडले मी. मॅडम म्हनाल्या अहो देव नाही हा, रसायन आहे. म्हटलं असू दे, आज मला राहवत नाही.

टाळं लागलं नाही. पोरी शिकल्या, आपापल्या घरी सुखात आहेत. मॅडम असतील तिथं देव त्यांना आनंदात ठेवो. पन आमच्या खोलीमागचा नाला अजून तसाच, कधी काळा, कधी निळा, किती कारखान्यांचं पानी त्यात. शेजारी म्हनतात मावशी, याला इलाजच नाही. तेव्हा माझं डोकं सनकतं. इलाज नाही असं माझ्यासमोर म्हनू नका, इलाज मी या हातांनी कालवलाय. करायचा नाही, असं म्हना.