शोकसभेतले पंखे

बायको गेल्यावर तिच्या शाळेत झालेल्या शोकसभेची गंमत तुम्हांला सांगायची राहिलीच. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला, की सुनंदा शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाचीच गय करायची नाही. आणि ती गेल्यावर मला मात्र तिच्या खोलीतला दिवा बंद करवत नव्हता. पंधरा दिवस तो रात्रंदिवस जळत होता.

सभेला भरदुपारी हॉलचे पडदे ओढून सगळ्या ट्यूब आणि पंखे लावले होते. "बाईंनी आम्हांला वीज वाचवायला शिकवलं," असं मुख्याध्यापक म्हणाले आणि आम्ही सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिलो. तेवढ्यात शिपाई बापूमामांनी पडदे बाजूला सारले आणि एकेक बटण बंद करायला सुरुवात केली.

"मामा, आजच्या दिवस राहू द्या की," मुख्याध्यापक कुजबुजले.

"आज कसं ऱ्हाऊ देऊ, सर? बाई फोटोतनं बघाय लागल्यात की."

त्या दोन मिनिटांच्या शांततेत पहिल्यांदा मीच हसलो. मग सगळा हॉल हसला.

तसाच घरी आलो, तिच्या खोलीची खिडकी उघडली आणि दिवा बंद केला. खोलीत चांगला उजेड होता.