कोरडी झाली की कळव

गवंडी : अकरा वर्षं? सख्ख्या बहिणीच्या पत्राला?

काका : उत्तर लिहिलं होतं हो. बऱ्याचदा लिहिलं. टाकलं नाही.

गवंडी : तिनं असं विचारलं तरी काय होतं?

काका : एकच ओळ. "दादा, खालची खोली कोरडी झाली की कळव, मी येते." झालीच नाही. मग काय कळवणार?

गवंडी : म्हणजे या तळघरात राहायची ती?

काका : चार वर्षं. ते शिलाई मशीन तिचंच. सारखी खोकायची. मी दर वर्षी भिंतीला नवा गिलावा करून घ्यायचो.

गवंडी : तिथेच चुकलं. गिलाव्यानं पाणी थांबत नाही, नुसतं लपतं. धरा जरा हा भोकांचा पाईप, या चरात बसवू.

काका : अहो, भोकं खाली गेली. उलटा बसतोय.

गवंडी : सुलटाच आहे. इथलं पाणी वरून पडत नाही काका, जमिनीतून चढतं. खालच्या भोकांतून आत शिरेल, उतारानं त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जाईल, तिथून पंप बाहेर फेकेल. पाईपावर खडी, खडीवर काँक्रीट. झालं.

काका : पुस्तकातल्या चित्रात भोकं वर होती, असं वाटतं. माझंच चुकत असेल.

गवंडी : पुस्तक उलटं धरलं असेल.

काका : आणि ही भिंतीलगतची फट? शेवटी बुजवाल ना?

गवंडी : बोट लावायचं नाही तिला! भिंतीतलं पाणी तिथूनच खाली उतरणार. पाणी यायचं ते येणारच, आपण वाट ठेवायची.

काका : मग कोरडी झाली, असं लिहिता येईल? खोटं व्हायला नको.

गवंडी : फरशी कोरडी राहील, ते माझ्याकडे लागलं. पण मला एक सांगा, वर ऊन येतं ती मागची खोली कोणाची?

काका : पुस्तकांची.

गवंडी : कोणाची?

काका : तिनं मागितली होती. मी म्हणालो, पुस्तकांना ओल सोसत नाही.

गवंडी : आणि बहिणीला सोसते?

काका : तीही हेच म्हणाली. मशीन तसंच टाकून गेली.

गवंडी : रागावू नका काका. कोरडी झाली म्हणून लिहाल. पण तुमची पुस्तकं आणून ठेवाल इथे?

काका : तुम्ही... तुम्ही पाईप बसवा आधी.

(पंधरा दिवसांनी. गवंडी पंप तपासायला आला आहे.)

गवंडी : अरे बापरे! जिन्यात पाय ठेवायला जागा नाही.

काका : जपून या. शेवटची दोन खोकी राहिलीत. परवा एवढा पाऊस झाला, तेव्हा फरशीवर वहीचं कोरं पान ठेवून पाहिलं. सकाळी कडकडीत होतं.

गवंडी : मशीन कुठे गेलं?

काका : वर. खिडकीजवळ. तेल घातलंय. नीट चालतं का, ते तिलाच कळेल.

गवंडी : आणि पत्र?

काका : आत्ताच टाकून आलो. पेटीत पडलं आणि वाटलं, एक शब्द बदलायला हवा होता. हात घालून पाहिला. जात नाही.

गवंडी : बरं झालं, जात नाही ते.

काका : पत्ता बदलला असेल तिचा. नाहीतर राग तसाच असेल.

गवंडी : लिहिलंत तरी काय?

काका : "खालची खोली कोरडी झाली. तिथे पुस्तकं ठेवली आहेत. तू वर ये."