गॅरेजात शहाणी होणारी गाडी

अरे, माझी जुनी ऑटोमॅटिक गाडी चालता चालता मध्येच बंद पडायची, पण नागापूरच्या गॅरेजात सोडली की एकदम शहाणी! मेकॅनिक दिवसभर फिरवायचा आणि म्हणायचा, "हिला कायबी झालेलं न्हाई." मला वाटायला लागलं, आपल्यालाच भास होतोय. शेवटी हिवरे बाजारच्या रस्त्यावर बंद पडली, तेव्हा त्यालाच तिथं बोलावलं. त्यानं गाडीच्या चावीला लटकलेला जुडगा हातात घेतला. घर, कपाट, गोठा, पंप, सगळ्या चाव्या त्यातच.

"चावीचा स्विच झिजलाय. खड्ड्यात आदळली की ह्ये वजन चावी मागं फिरवतंय, अन् गाडी बंद. गॅरेजात हा जुडगा कसा नसायचा?"

"तुमच्याकडं गाडी देताना काढून ठेवायचो."

"का?"

मी जुडगा परत घ्यायला हात पुढं केला.

"आमी काय तुमचं घर फोडनार हुतो व्हय?"