लोखंडी दार

(तळमजल्यावरची प्रयोगशाळा. बाहेर बोळात जुनं यंत्र उतरवून न्यायला आलेली माणसं पाने-पक्कड घेऊन बसली आहेत. आत दोघंच: निवृत्तीला आलेल्या संशोधक बाई आणि विभागप्रमुख, त्यांचाच जुना विद्यार्थी.)

बाई: आणि मी सांगते, माझ्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही.

प्रमुख: बाई, ठरलंय ते. बैठकीला तुम्हीही होतात की.

बाई: होते. हात वर केला नव्हता.

प्रमुख: चार महिने झाले, एक धड सिग्नल नाही. गोठवायचा महागडा हेलियम नुसता हवेत सोडतोय आपण. यंत्र म्हातारं झालं, मान्य करा.

बाई: यंत्र म्हणतोस की मी?

प्रमुख: तसं नाही हो. मोठा चुंबक आहे ना शेजारच्या खोलीत. साध्या पद्धतीनं मोजू. रात्रभर लावून ठेवू.

बाई: साध्या पद्धतीत निम्मी अणुकेंद्रकं वर तोंड करून, निम्मी खाली. एकमेकांना खोडून टाकतात. लाखात एखादं जास्तीचं उरतं, तेवढ्याचंच तुझ्या चुंबकाला ऐकू येतं. आणि आपल्याला बघायचंय कर्करोगाच्या गाठीतली पेशी साखर कशी पचवते ते. ती पचवते काही क्षणांत. ती तुझ्यासाठी रात्रभर थांबणार आहे का?

प्रमुख: नाही. पण...

बाई: माझं यंत्र त्यांना कडाक्याच्या थंडीत गोठवून एका बाजूला तोंड करायला लावतं. मग हजारो पटींनी मोठ्यानं बोलतात ती.

प्रमुख: आणि वितळवली की मिनिटभरात पांगतात.

बाई: म्हणून तर ती नळीत भरून मोठ्या चुंबकापर्यंत पळतो आपण. तू तर सगळ्यांत जोरात पळायचास. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

प्रमुख: अजूनही पोरं पळतातच. पण चुंबकापाशी पोचेपर्यंत नळीत काही उरत नाही. कारण मुळात यंत्र नमुन्यात सिग्नल भरतच नाही.

बाई: भरतं. आज सकाळी यंत्रातच मोजलं. काठोकाठ आहे.

प्रमुख: मग जातं कुठे?

बाई: हे चार महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतंस. तेव्हा इथे नवीन काय आलं, आठव.

प्रमुख: नवीन काहीच नाही. फक्त चुंबकाच्या खोलीचं दार. ते शेजारच्या उपकरणांना चुंबकाचा त्रास होऊ नये म्हणून.

बाई: जाडजूड लोखंडाचं.

प्रमुख: बाई, ते दार मी हट्टानं बसवून घेतलंय.

बाई: म्हणूनच त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. मी दाखवते. हे धर. नातीचं होकायंत्र आहे. बघत बघत चौकटीतून आत जा.

प्रमुख: खेळणं घेऊन? बरं. सुई सरळ आहे. सरळच. आता उंबरा... थांबा. ही फिरतेय. बाई, पार उलटी झाली.

बाई: दाराचं लोखंड चुंबकाचा जोर फिरवतं. उलटा होताना मधे कुठेतरी तो जवळजवळ शून्य होतो. केंद्रकांना धरून ठेवायला कुणी नाही. बाजारात आईचं बोट सुटलं की पोर जाईल तिकडे जातं, तसं.

प्रमुख: आणि आम्ही यंत्र खोलून बसलो होतो.

बाई: मी चार महिने ऐकून घेतलं, बाईंचं यंत्र गेलं म्हणून. आता नाही ऐकणार. आत एक नमुना गोठून तयार आहे. तो पळणार.

प्रमुख: त्याच दारातून?

बाई: हो, पण या डब्यातून. आतून चुंबक चिकटवलेत, जुन्या स्पीकरमधले. वाटेत काहीही येवो, बोट सुटणार नाही. फक्त मोठ्या चुंबकाजवळ डबा न्यायचा नाही, हातातून हिसकावून घेईल. उंबरा ओलांडून चार पावलं गेलं की नळी काढायची, डबा तिथेच ठेवायचा.

प्रमुख: आणि नाहीच आला सिग्नल तर?

बाई: तर यंत्राचा पहिला बोल्ट मी स्वतः काढीन.

प्रमुख: पण या गुडघ्यांनी तुम्हाला पळता येणार आहे का?

बाई: मी कुठे पळतेय? तू पळ.

प्रमुख: मी? अहो, बाहेर माणसं बसलीत. विभागप्रमुख आहे मी.

बाई: मग प्रमुखासारखा पुढे हो. बूट काढ, फरशी गुळगुळीत आहे. नमुना वितळवायला गरम पाणी सोडतेय.

प्रमुख: थांबा, लेस सुटत नाही...

बाई: केंद्रकं थांबत नसतात. घे. पळ.

प्रमुख: दारातून आलो. डबा ठेवला.

बाई: बोलू नकोस, नळी घाल.

प्रमुख: घातली.

बाई: मला इथून पडदा दिसत नाही. काय आहे? अरे, आता बोल की.

प्रमुख: बाई, मावत नाहीये. वरून कापला जातोय सिग्नल.

बाई: आवाज वाढवून ठेवलेला असेल. कुजबुज ऐकायची सवय लागली तुम्हाला. कमी कर.

प्रमुख: केला. दिसला. बाई, केवढा आहे हा.

बाई: माहीत आहे मला.

प्रमुख: बाहेरच्यांना काय सांगू? परत पाठवतो.

बाई: परत कशाला? पाने घेऊनच आलेत. आत बोलव. दार उतरवायचंय.