तीन नंबरवरचा ठसा

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आपले सचिव, ज्यांच्या जिवावर हे मैदान उन्हाळ्यातही हिरवं राहतं ते आमचे मैदानप्रमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते प्रशिक्षक सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी आणि समोरच्या माझ्या खेळाडू मित्रमैत्रिणींनो,

सचिव मघाशी मला म्हणाले, "डॉक्टर, थोडक्यात आटपा, मंडळींना जेवायचं आहे." मी दातांची डॉक्टर. माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात खरी, पण बोलायचं काम माझ्या एकटीचंच असतं. त्यामुळे थोडक्याची सवय मला नाही. तरी प्रयत्न करते.

सरांना या क्लबात कोणी त्यांच्या नावाने हाक मारत नाही. सगळे 'हळू सर' म्हणतात. नवा माणूस आला, दात-ओठ खाऊन चेंडूवर तुटून पडला, की मागून आवाज येतो, "हळू." फटका चांगला बसला आणि माणूस शेजारच्याकडे बघायला लागला, तरी तोच आवाज, "हळू." इथल्या किती जणांनी तो शब्द रागाने ऐकला असेल? हात वर करू नका, वहिनी बघतायत.

मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही राग आला होता. त्या रागाची गोष्ट सांगावी म्हणून मी इथे उभी आहे. सरांनी परवानगी दिली आहे. म्हणजे ते "बघा" म्हणाले. त्यांच्या भाषेत ती परवानगीच.

आपल्यापैकी बरेच जण आमच्या ह्यांना ओळखत होते. पूल बांधणारे इंजिनिअर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. रविवारी सकाळी चौघं मित्र गोल्फ खेळायला निघत. वकीलसाहेब, शाळेचे मुख्याध्यापक, औषधांच्या दुकानाचे मालक आणि हे. घरी मी त्यांना चांडाळ चौकडीच म्हणत असे. मला स्वतःला या खेळात काडीचा रस नव्हता. एवढासा चेंडू, एवढं मोठं रान, आणि मोठी शहाणी माणसं तो शोधत हिंडतात, एवढंच माझं मत होतं.

मग हे गेले. अचानक गेले. त्यांची खेळाची पिशवी, आयर्न म्हणतात त्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांसकट, घरात बोळकांडीत उभी होती, ती तशीच उभी राहिली. मुलगा म्हणाला, "आई, आयर्न काचेच्या कपाटात लावू या. छान दिसतील." मला ते सहन होईना. जो माणूस दोन मिनिटं एका जागी बसला नाही, त्याच्या वस्तू काचेमागे ठेवायच्या? एके दिवशी वकीलसाहेब भेटायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, आम्ही अजून तिघंच खेळतो. चौथा घेतला नाही. घेववत नाही." त्या क्षणी मी ठरवलं. चौथी मी होणार, आणि ह्यांच्याच आयर्ननी खेळणार. त्यांची जागा मोकळी ठेवायची नाही. माझ्या मनात तेव्हा याशिवाय दुसरं काही नव्हतं.

पिशवी उचलून मी सरांकडे गेले. त्यांची ती कार्यशाळा तुम्हाला ठाऊक आहेच. गोंदाचा वास, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आयर्न, आणि पाठ मोडेल असं एकच स्टूल. सरांनी पिशवीतून सात नंबरचं आयर्न काढलं, वजन करावं तसं हातात धरलं आणि म्हणाले, "डॉक्टर, हे तुमच्यासाठी नाही."

"का नाही?"

"हे पातळ आहे. याच्या मधोमध चेंडू बसला तर लोण्यासारखा जातो. जरा इकडेतिकडे बसला, तर हे माफ करत नाही. हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू कुठेही जातो. ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी हे बनवतात."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते."

"म्हणूनच सांगतो. त्यांच्यावर राग काढायची वेळ येईल तुमच्यावर. हळू."

मला वाटलं, या माणसाला काळीज नाही. मी म्हटलं, मला एकदा मारू तरी द्या. सरांनी वाद घातला नाही. पायाला लावायची पांढरी पावडर असते ना, ती त्यांनी आयर्नच्या तोंडावर, चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, फवारली आणि माझ्यासमोर चेंडू ठेवले. प्रत्येक फटक्यानंतर चेंडूचा ठसा पावडरवर उमटे. एक टोकाला, एक टाचेला, म्हणजे दांड्याजवळ, एक पार खालच्या कडेला. एक तर उमटलाच नाही, कारण चेंडू जागचा हललाच नव्हता.

आता गंमत बघा. आमच्या दवाखान्यात दात बसवला की आम्ही रुग्णाला रंगीत कागद चावायला देतो. दात नेमका कुठे टेकतो ते कागद दाखवतो. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, सगळं छान वाटतंय." कागद म्हणतो, "नाही." मी आयुष्यभर कागदाची बाजू घेत आले. त्या सकाळी कागद माझ्या विरुद्ध बोलत होता.

सरांनी मला उसना संच दिला. जुना, ओरखडे पडलेला. रुंद तळाची, मागून पोकळ केलेली, जाडसर आयर्न. दिसायला अगदी ओबडधोबड. चेंडू मधोमध बसला नाही तरी बऱ्यापैकी सरळ जातो. ह्यांचा संच त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला आणि म्हणाले, "ठसे एका जागी जमायला लागले की या. तेव्हाही सगळी एकदम मिळणार नाहीत."

मित्रहो, या खेळात साहित्य निवडताना आपण एक चूक हटकून करतो. आपण आपल्या सर्वांत चांगल्या फटक्याच्या मापाचं आयर्न घेतो. वकीलसाहेब पुढेच बसलेत, त्यांची क्षमा मागून सांगते. नवा संच घ्यायचा म्हणून ते सरांकडे गेले. म्हणाले, "माझं सात नंबर दीडशे यार्ड जातं."

"कधी?"

"म्हणजे... गेल्या वर्षी गेलं होतं एकदा."

"साहेब, तो विसरा. मला तुमचा रोजचा फटका दाखवा."

रोजचा फटका दाखवा. हे वाक्य मी सरांकडून घेतलं आणि दवाखान्यात वापरते. "एरवी दिवसातून दोनदा घासतो" म्हणणाऱ्यांना फार लागू पडतं.

मी दर आठवड्याला जात राहिले. उसन्या आयर्ननी चौकडीत खेळायलाही लागले. मी सगळ्यांत मागे असायची. मुख्याध्यापक थांबायचे आणि चेंडू दिसत असूनही शोधल्यासारखं करायचे, मला दम घ्यायला मिळावा म्हणून. हळूहळू पावडरवरचे ठसे एकमेकांजवळ यायला लागले. मग एकदा सरांनी ह्यांच्या संचातलं नऊ नंबर भिंतीवरून खाली काढलं. नंबर जेवढा मोठा, तेवढं आयर्न आखूड. आखूड आयर्न आधी जमतात, लांब शेवटी. त्यामुळे सुधारणाऱ्या माणसाने पातळ आयर्न घ्यायचीच, तर आखूड आयर्नपासून सुरुवात करायची आणि लांबची रुंदच ठेवायची. पिशवीत दोन जातींची आयर्न असली तरी कोणी हसत नाही. हसलं तर हसू द्यावं.

पण अडचण होती. हे उंच, मी ही अशी. दांडा मला लांब पडत होता आणि कडकही. दुसऱ्या कोणी तो सरळ कापला असता. सर म्हणाले, "कापलेला दांडा परत वाढत नाही." त्यांनी आयर्नचं डोकं गरम केलं, आतला गोंद सुटू दिला आणि दांडा अख्खाच्या अख्खा बाहेर काढला. त्याच्या रबरी मुठीवर ह्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. तो दांडा त्यांनी एका कोपऱ्यात उभा करून ठेवला आणि डोक्यात माझ्या मापाचा हलका दांडा बसवला. मला काळीज नसलेला वाटला होता तो हा माणूस.

नऊ नंबर हातात घेतलं तेव्हा मला दिसलं की त्याच्या तोंडावर मधोमध नाण्याएवढी जागा झिजून निस्तेज झाली आहे. झीज वाचणं हा माझा धंदा आहे. दाढ बघून मी सांगते की माणूस झोपेत दात खातो, कुठल्या बाजूने चावतो, कशाची काळजी करतो. हे नाणं बघून मला कळलं, नऊ नंबर ह्यांना येत होतं. अगदी नीट येत होतं. मी स्टुलावर बसले. सर बाहेर जाऊन कुणाला तरी उगाचच "हळू" म्हणून आले.

मग आठ नंबर आलं. पुष्कळ दिवसांनी सात. सातवरचं नाणं जरा पसरलेलं होतं. सहावर ते नाणं राहिलंच नव्हतं, नुसती इकडेतिकडे विखुरलेली झीज होती. सरांनी तेही पुसून माझ्या हातात दिलं. पाच, चार आणि तीन भिंतीवरच राहिली, फडक्यात गुंडाळलेली.

तीन नंबरबद्दल मला सांगायला हवं. आमच्या घरी जो जो पाहुणा जेवला, त्याने तीन नंबरची गोष्ट ऐकली आहे. तळ्याच्या अलीकडे चेंडू, समोर वारा, सगळे म्हणतात वळसा घाल, आणि हे तीन नंबर काढतात आणि चेंडू तळ्यापलीकडे झेंड्याजवळ. ही गोष्ट सुरू झाली की मुलगा ताट उचलून आत जायचा. मी मात्र ऐकायची. ते तीन नंबर एक दिवस माझ्या हातात येईल, एवढ्याच आशेवर मी इतके दिवस पावडर पुसत होते.

गेल्या आठवड्यात सर कार्यशाळा आवरायला लागले. मी मदतीला गेले. भिंतीवरची तिन्ही आयर्न त्यांनी उतरवली आणि न बोलता माझ्यापुढे ठेवली. मी फडकं सोडलं. तीन नंबरचं तोंड आरशासारखं होतं. कोरं. मुठीवर खळगा नाही, तळाला मातीचा ओरखडा नाही. टोकाला एकच पुसट ठसा, तोही नीट वळवून पाहिला तर दिसणारा.

मी म्हटलं, "सर, हे वापरलेलंच नाही."

"एकदा वापरलं."

"तळ्यावर?"

सरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. म्हणाले, "पन्नाशीला त्याने हा संच स्वतःच स्वतःला भेट दिला. मला न विचारता. त्याचा हात बरा होता, सुधारतही होता, पण या आयर्नएवढा नव्हता. मी जगाला हळू म्हणतो, त्याला म्हटलं नाही. मित्र होता. इतका खूश होता. मग आखूड जमली, लांब जमेनात. मित्रांसमोर लाज वाटायची, म्हणून गुपचूप माझ्याकडून रुंद आयर्न मागून न्यायचा आणि पिशवीत लपवायचा."

"मग तळ्यापलीकडे चेंडू गेला, तो?"

"गेला. मी होतो ना तिथे. वाराही होता समोर. सगळं खरं आहे, फक्त नंबर सोडून. पाच नंबर होतं, माझ्या उसन्या संचातलं." आणि मग म्हणाले, "डॉक्टर, ते तुमच्याच पिशवीत आहे. पहिल्या दिवसापासून."

मी काय सांगू तुम्हाला? ज्या ओबडधोबड आयर्नकडे मी इतके दिवस कमीपणाने बघत होते, 'तोवर चालवून घेऊ' म्हणत होते, त्याच आयर्नने ह्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका मारला होता. आणि मी शोधत होते भिंतीवर. मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग ते फडक्यात गुंडाळलेलं कोरं तीन नंबर बघून हसू आलं ते थांबेना. सरांना वाटलं, पाणी आणावं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही त्याची जागा भरायला आला होतात. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही खेळ सोडला असता. आता तुम्ही खेळायला येता."

हे खरं आहे. ते कधी झालं, मला कळलं नाही. सरांना कळलं होतं.

काल सकाळी मी तीन नंबर घेऊन मैदानावर गेले. दांडा बदलला नाही, मूठ बदलली नाही. ह्यांनी ठेवलं होतं तसंच. लांब, कडक, माझ्यासाठी सर्वस्वी चुकीचं. चौकडीतले तिघेही आले होते, आणि आता त्यांना सगळं ठाऊक आहे. वकीलसाहेबांचं म्हणणं, पिशवीतलं जाड आयर्न त्यांना तेव्हाच दिसलं होतं; बोलले नाहीत एवढंच. सरांनी शेवटची पावडर फवारली. मी सगळी ताकद लावून मारलं. सर हळू म्हणाले नाहीत. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या आणि चेंडू उजवीकडे झुडपात शिरला, तो अजून सापडलेला नाही. मी आयर्न उलटं करून बघितलं. ठसा पार टोकाला होता.

सरांनी चष्मा लावला, ठसा न्याहाळला आणि म्हणाले, "अगदी त्याच्यासारखा."

सर, मला या क्लबात आजवर मिळालेलं हे सर्वांत मोठं शाबासकीचं वाक्य आहे. ते आयर्न आता घरी बोळकांडीत उभं आहे. मी ठसा पुसलेला नाही. आणि तुमचं पाच नंबर मी परत करणार नाही, हे या सभेच्या साक्षीने सांगते.

क्लबाने मला बोलायची संधी दिली, वहिनींनी इतकी वर्षं आपल्या रविवारच्या सकाळी आम्हाला दिल्या, त्या दोघांचेही मनापासून आभार. सर, पुढच्या गावी तुम्ही राहाल तिथे मैदान असेल की नाही, ठाऊक नाही. पण घाईत असलेली माणसं नक्की असतील. तुमचा शब्द त्यांच्या कामी येईल.

माझ्या बोलण्यात काही टोकाला लागलं असेल, काही टाचेला, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. हा माझा रोजचा फटका होता.

नमस्कार.