मुलींच्या संडासाचं कुलूप

आमच्या दारव्ह्याकडच्या खासगी शाळेतलं सांगते, अजूनबी डोकं तापते माह्यं. पहिल्या मोठ्या बाईनं पोरींसाठी संडास बांधला. त्यायच्यानंतरच्या हेडमास्तरनं, पाहुणे आले तर साफ दिसला पाहिजे म्हणून, त्याले कुलूप ठोकलं. तिसऱ्यानं येऊन किल्ली हरवली.

सातवीतली एक पोरगी रोज मधल्या सुट्टीत घरी जाये अन् परत येत नसे. मी विचारलं, "काहून वं?" तं रडाले लागली.

मी तशीच हेडमास्तरकडं गेली. "सर, कुलूप तोडा."

"अर्ज द्या. संस्थेच्या बैठकीत ठेवू."

घंटेचा हातोडा उचलला अन् मीच तोडलं. सर धावत आले. "मॅडम, शाळेची वस्तू आहे ते!"

"अन् पोरी कोणाच्या आहेत?"

ते तोंड उघडतच होते, तेवढ्यात त्यायच्या बाजूनं दोघीजणी पळत आत गेल्या.